भगवानअण्णा आणि हवेचा डबा

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या क्षणी तुमच्या डोक्यावर हवा बसलेली आहे. घाबरून जाऊ नये. ती तुमच्या आजोबांच्याही डोक्यावर बसली होती आणि त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. मात्र ती किती बसली आहे, हलकी की जड, याची चौकशी न करता जो घराबाहेर पडतो, तो बुडतो. हे मत माझं नव्हे. आमच्या सहकारी तेलबिया संघाचे ड्रायव्हर भगवानअण्णा यांचं आहे, आणि ते सिद्ध करण्यासाठी ते भल्याभल्यांना थुंकी गिळायला लावत.

थुंकीचं असं होतं. तुळजापूरचा घाट चढताना एका वळणावर अण्णा गाडी हळू करत, आरशातून मागे पाहत आणि हुकूम सोडत, "गिळा!"

मागे बसलेले चेअरमनसाहेब निमूट गिळत.

"गिळलं का सायेब?"

"गिळलं."

"कान वाजला?"

"नाही बुवा."

"मग परत गिळा. भाईरचा दाब कमी झालाय, आतला तसाच हाय. बराबर करून घ्या. न्हायतर वर जाऊन तुमाला कुणाचं ऐकू येनार न्हाय."

चेअरमनसाहेबांना तसंही कुणाचं ऐकू येत नसे, पण ते गिळत. एकदा बँकेचे एक नवे साहेब त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांना या प्रथेची कल्पना नव्हती आणि त्यांच्या तोंडात तंबाखूचं पान होतं. अण्णांचा हुकूम इतका अचानक आणि इतक्या अधिकाराने आला की साहेबांनी पानासकट गिळलं. तुळजापूर येईपर्यंत त्यांचे डोळे पांढरे होते. अण्णा म्हणाले, "दाब सोसंना कुणाकुणाला."

मी तेव्हा संघात नवा कारकून होतो. आमचं गाव जळकोटपासून सायकलच्या अंतरावर. अण्णा माझे शेजारी. दोन घरांत एकच भिंत, आणि तीही पुरुषभर उंचीची. त्यामुळे अण्णांविषयी मला जे ठाऊक आहे, त्यातलं निम्मं ऑफिसात कळलं आणि निम्मं भिंतीवरून.

अण्णा उंच, काटक, कानावर कायम एक विझलेली विडी. खाकी सदरा इस्त्रीचा, खाली धोतर. आणि गाडी? गाडी म्हणजे एक प्रकरणच होतं. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातली काही मंडळी आमच्या भागात बोअर पाडायला आली होती. त्यांच्याबरोबर एक लांबलचक पांढरी मोटार आली, स्टेअरिंग डावीकडे. काम संपल्यावर मंडळी गेली आणि जाताना गाडी आमच्या संघाला देऊन गेली. राजाने खूश होऊन एखाद्याला हत्ती द्यावा, तशातला प्रकार. गावाने तिचं नाव ठेवलं गोरी. गोरीबरोबर संघाला अण्णा मिळाले, कारण त्या मंडळींची गाडी तेच चालवत होते आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाताने चालू होत नसे.

आता थोडं शास्त्र. कंटाळू नका, अण्णांनी ते मला शंभरदा सांगितलं आहे, मी तुम्हाला एकदाच सांगतो. साध्या जीपला कार्बोरेटर असतो. इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीबरोबर पेट्रोल आपोआप जातं. गोरीचं तसं नव्हतं. ती पेट्रोल मोजून, पिचकारी मारल्यासारखं इंजिनात सोडायची. आता मोजायचं म्हणजे किती मोजायचं, हे कुणीतरी सांगायला हवं. ते सांगायचा बॉनेटखाली डाव्या अंगाला बसवलेला एक काळा डबा. त्याच्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी, आतली हवा काढून घेऊन बंद केलेली. बाहेरच्या हवेचा दाब वाढला की ती डबी दबते, कमी झाला की फुगते. तिच्या या दबण्याफुगण्यावरून गाडीला कळतं की आज हवा दाट आहे की विरळ. दाट हवेला पेट्रोल जास्त, विरळ हवेला कमी.

"जितकी भाकरी, तितकंच कालवण," अण्णा म्हणायचे. "घाटावर हवा इरळ. म्हंजे भाकरी लहान. मग कालवण तेवढंच वाढलं तर काय व्हईल? ताटाभाईर वगळ निघंल. गाडीचा वगळ म्हंजे काळा धूर. ह्यो डबा वगळ निघू देत न्हाय."

हे त्यांना शिकवलं होतं त्या परदेशी मंडळींतल्या एका तांबड्या दाढीच्या इंजिनिअरने. त्याला मराठी येत नव्हतं, अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. त्याने एका दुपारी बॉनेटशी उभं राहून गाल आत ओढून दाखवले, मग फुगवून दाखवले, मग एकदा टेकडीकडे आणि एकदा ओढ्याकडे बोट केलं. रस्त्याने जाणाऱ्या बायांना वाटलं, साहेबाची दाढ दुखते आहे. एकीने लवंगसुद्धा आणून दिली. अण्णांना मात्र समजलं. तेव्हापासून अण्णा ज्याला त्याला तो डबा गालांनीच समजावून सांगत. गाल आत म्हणजे सोलापूर, गाल फुगले म्हणजे तुळजापूर. नव्या माणसाला वाटे, हा आपल्याला वाकुल्या दाखवतो आहे.

एकदा हे तत्त्व हाती लागल्यावर अण्णांना जगात दुसरं काही दिसेनासं झालं. मी रजेचा अर्ज घेऊन निघालो की ते चेअरमनसाहेबांच्या केबिनच्या दाराशी मला अडवत. "थांबा कारकूनसायेब. आत दाब लई हाय. आत्ताच दोन संचालक तोंड पाडून भाईर आलेत. जेवणानंतर जावा." मी जेवणानंतर जाई आणि रजा मिळे. कुणाच्या सोयरिकीची बोलणी फिसकटली की अण्णा मान हलवत, "भाईरचा दाब बघितला न्हाय. डायरेक बोलायला सुरवात केली." गावात कुठलंही भांडण असो, त्यांचं निदान ठरलेलं: "आदी भाईरचं बघायचं, मग आपलं किती सोडायचं ते ठरवायचं. गाडीला समजतंय, माणसाला समजंना."

आता तुम्ही म्हणाल, दाब कळतो तर पाऊसही कळत असेल. गावालाही तसंच वाटलं होतं. एका कोरड्या मृगात दहाबारा जण बॉनेटभोवती जमले आणि एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "अण्णा, डब्याला इचारा की, कधी येतोय?"

अण्णा इतके संतापले की विडी कानावरून पडली. "ह्यो पेट्रोलचा डबा हाय, पंचांग न्हाय! त्याला एकच काम दिलंय, ते त्यो करतोय. तुमच्यावानी ज्याच्यात त्याच्यात तोंड घालत न्हाय."

लोक हिरमुसून गेले. त्या डब्याला अण्णा कुणाला हात लावू देत नसत. स्वतःही लावत नसत. बॉनेट उघडलं की आसपासचं सगळं फडक्याने पुसत, आणि डब्याच्या चहूबाजूंनी वीतभर जागा सोडत, देवघरासमोरून जाताना सोडावी तशी.

आता एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी. बाहेरच्या दाबाचे हे महापंडित घरात आपल्या बायकोशी बोलत नसत. खरं म्हणजे बायको त्यांच्याशी बोलत नसे. दुष्काळात सरूवहिनी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. एका संध्याकाळी अण्णा एकटेच गोरी घेऊन त्याच रस्त्याने गावाकडे निघाले होते. वहिनींनी हात केला. अण्णांनी गाडी थांबवली, काच खाली केली, आणि सांगितलं की आत साहेबांची यंत्रं आहेत, परक्या माणसाला बसवायचं नाही असा नियम आहे. नियम खरा होता. वहिनी चालत घरी आल्या, स्वयंपाक केला, ताट वाढलं, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. गावाने गाडीला गोरी म्हटलं, वहिनींनी सवत म्हटलं.

पण संसार म्हटला की बोलावं लागतंच. वहिनी त्यांच्या मांजरीशी बोलत आणि अण्णा अंगणातल्या लिंबाशी. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू येई.

"मांजरे, पीठ संपलंय बग."

"लिंबा, उद्या आणतो म्हनावं दळण."

"उद्या काय मांजरे, आज काय राख थापू का तव्यावर?"

"बरं लिंबा. आज."

मांजरीचा आणि लिंबाचा संसार सुरळीत चालला होता.

रोज दुपारी वहिनी फडक्यात भाकरी बांधून संघाच्या फाटकापाशी येत. आत पाऊल टाकत नसत. मला हाक मारत, "भावजी, हे द्या त्या लिंबाच्या माणसाला." मी नेऊन देई. अण्णा फडकं सोडत, वरची भाकरी दाबून बघत आणि मग जेवत.

आत येण्याचा त्यांचा एकच दिवस होता, खंडेनवमी. आमच्याकडे नवऱ्याशी भांडण असलं तरी त्याच्या हत्याराशी नसतं. ज्याच्यावर घर चालतं ते पुजायचं आणि पूजा घरच्या बाईने करायची. अण्णा बॉनेट उघडून ठेवत, टोपी काढून पाठमोरे उभे राहत, आणि आवारात झाड नसल्यामुळे पेट्रोलच्या रिकाम्या पिंपाला सांगत, "गाडीचं काळीज डाव्या अंगाला हाय. काळा डबा. तिथं पैलं कुंकू." वहिनी सवतीला हळदकुंकू वाहून, लिंबू ठेवून निघून जात. एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर घाटातून एक ट्रक दरीत गेला. त्या खंडेनवमीला वहिनी नेहमीपेक्षा बराच वेळ बॉनेटमध्ये वाकलेल्या होत्या. संचालक मंडळी नारळ फोडून खोबरं खात होती, कुणाचं लक्ष नव्हतं.

दसरा झाला आणि गोरी बिघडली.

बिघडली तीही विचित्र. सकाळी गार वेळेला पोरीसारखी पळायची. ऊन चढलं, इंजिन तापलं, की मागून काळ्याकुट्ट धुराचा लोट. घाटात तर ती खोकत खोकत चढायची. अण्णांनी प्लग काढून घासले, परत काजळले. फिल्टर धुतला. पेट्रोल बदललं. "दुपारचा दाब बिघडलाय ह्या साली," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. दोन वेळा मी त्यांना बॉनेटपुढे एकटेच गाल फुगवताना पाहिलं.

मग ते व्हायचं ते झालं. शेजारच्या एका सोसायटीने नवा तेलघाणा बसवला, उद्घाटनाला आमचे चेअरमनसाहेब. हारतुरे झाले, भाषण झालं, साहेब गाडीत बसले. निरोपाला मागे पांढऱ्या टोप्यांची सबंध रांग उभी होती. अण्णांनी गाडी चालू केली आणि धूर निघाला. तो विरला तेव्हा रांगेतल्या टोप्या कोणत्या आणि डोकी कोणती, हे ओळखू येईना.

दुसऱ्याच दिवशी संचालकांची बैठक बसली. ठरलं असं की सोलापूरहून मिस्त्री आणून गाडी एकदा शेवटची दाखवायची. दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर भंगारात. आणि दोष ड्रायव्हरच्या हलगर्जीचा निघाला, तर भगवानअण्णांनी चावी ठेवायची आणि शेंगांच्या गोदामावर राखणीला जायचं.

ते गोदाम पत्र्याचं होतं आणि त्याला खिडकी नव्हती. अण्णांनी ठराव ऐकला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "कारकूनसायेब, तिथं हवाच न्हाय. म्या तिथं बगू काय?"

मिस्त्री आले रशीदभाई. जाडजूड, चष्मा दोऱ्याने बांधलेला. बरोबर भर दुपारी त्यांनी गाडी चालू करायला लावली, धूर पाहिला, गाडी बंद केली आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. चेअरमनसाहेब आणि चार संचालक खुर्च्या टाकून लिंबूसरबत पीत बसले होते, जणू कुस्तीचा फड. फाटकापाशी वहिनी भाकरी घेऊन उभ्या होत्या. मी घ्यायला गेलो तर त्यांनी ती दिली नाही. नजर गाडीवर होती.

रशीदभाईंचा हात डाव्या अंगाला गेला.

"त्याला हात लावायचा न्हाय!" अण्णा ओरडले.

"काय कू?"

"काळीज हाय ते."

"अरे अण्णा," रशीदभाई हसले, "दिल कू हात नको लगाव बोलते, फिर डाक्टर क्या चप्पल देखेगा क्या?"

संचालक हसले. अण्णा बाजूला झाले. रशीदभाईंनी डब्याच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं, थांबले, खिशातून दाभण काढून काहीतरी खरवडलं आणि तळहातावर घेऊन उजेडात धरलं. लाल, कडक, लाखेसारखी खपली. त्यांनी ती नाकाला लावली.

"एरंडेल," ते म्हणाले. "और कुंकू."

त्यांनी पुढे जे समजावलं ते असं. डब्याच्या पोटाला बाजरीच्या दाण्याएवढं एक भोक असतं. बाहेरची हवा तिथून आत जाते आणि डबीला दाब कळतो. ते भोक कुणीतरी एरंडेलात कालवलेल्या कुंकवाने भरून टाकलं होतं. तेल सुकून त्याचं बूच झालं. बाहेरची हवा बाहेर राहिली, आतली आत कोंडली. इंजिन तापलं की ती कोंडलेली हवाही तापायची, तिचा दाब वाढायचा, आणि डब्याला वाटायचं की बाहेरच हवा दाट झाली आहे. मग तो सांगायचा, सोड पेट्रोल. सकाळी आतलं सगळं गार, म्हणून धूर नाही. घाटात तर हवा आणखी विरळ, पण ती डब्याला कळणार कुठून? गाडीत दुसरा काहीही बिघाड नव्हता.

"बच्चे की नाफ में तेल छोडते ना," रशीदभाई म्हणाले, "बस वैसाच छोड्या किसीने. बहोत प्यार से छोड्या."

आमच्याकडे तान्ह्या बाळाचं पोट दुखू नये म्हणून बेंबीत एरंडेल सोडतात. ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गाडीला हात लावायची मुभा किती जणांना होती, हेही ठाऊक होतं. पण खंडेनवमीला बॉनेटमध्ये कोण वाकलेलं होतं, ते खोबरं खाणाऱ्यांच्या लक्षात नव्हतं.

चेअरमनसाहेबांनी पेला खाली ठेवला. "हे कुणाचं काम?"

अण्णांनी मान वळवली. फाटकापाशी वहिनींचा पदर दातात होता आणि हातातल्या फडक्याची गाठ त्या उगाचच सोडत-बांधत होत्या. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. इतका वेळ त्यांनी आपल्या बायकोकडे बघितलेलं मी भिंतीवरूनही कधी पाहिलं नव्हतं.

मग ते चेअरमनसाहेबांकडे वळले. "म्या लावलं," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"व्हय."

"अहो, दाब दाब करून आमचे कान किटवले तुम्ही! बँकेच्या साहेबाला पान गिळायला लावलंत! आणि त्या डब्याचं नाक तुम्हीच बुजवलंत?"

"व्हय सायेब. चुकी झाली. खंडेनवमीला भक्ती जरा जास्त झाली."

"मग ठराव ठाऊक आहे ना?"

अण्णांनी कमरेची चावी सोडली आणि बॉनेटवर ठेवली. "गाडी मातूर इकू नका. तिचा दोस न्हाय."

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. गाडी विकली गेली नाही, आणि अण्णा गोदामावर गेले नाहीत. रशीदभाईंनी भोक मोकळं केल्यावर गोरी पुढे बरीच वर्षं पळाली, आणि चावीही त्याच दुपारी परत अण्णांच्या कमरेला आली. चेअरमनसाहेब एकदा हसायला लागले की समोरच्या माणसाचे सगळे गुन्हे माफ, हा आमच्या संघाचा अलिखित पोटनियम होता, आणि त्या दिवशी ते धोतराचा सोगा तोंडात कोंबून, खुर्चीसकट हलत हसले. संचालक हसले, रशीदभाई चष्मा काढून डोळे पुसत हसले. एकटे अण्णा हसले नाहीत. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता आणि ते नव्या नवरदेवासारखे जमिनीकडे बघत होते. कारण चावी बॉनेटवर टेकली न टेकली तोच सरूवहिनी फाटक ढकलून आत आल्या, संचालकांच्या खुर्च्यांमधून वाट काढत थेट अण्णांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि मांजर नाही, लिंब नाही, मी नाही, कुणालाही मध्ये न घेता सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"खोटं कशाला बोलताव वो? तुमाला कुंकू लावाया येतंय व्हय? लग्नात भांगात भरा म्हनलं, तर माझं नाक रंगवलं हुतं तुमी!"